पार्किंग स्टार्टअपची वाढ गेटवर ठरते

एका संस्थापकाने मला विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. दीड वर्षापूर्वी सुरू झालेली पार्किंगची स्टार्टअप, एकाच शहरात ११ ठिकाणं, ॲपचे ४० हजार डाउनलोड. पण त्यांतले महिन्यातून दोनदा ॲप उघडणारे दहा टक्केसुद्धा नाहीत. गुंतवणूकदारांचा आग्रह आहे की आणखी तीन शहरांत शिरा. सहसंस्थापकाचं म्हणणं, रस्त्याकडेच्या जागांवर, जागा रिकामी की भरलेली ते सांगणारे सेन्सर बसवू. शिवाय शहर प्रशासनाची एक मोठी निविदा निघाली आहे आणि तिची मुदत जवळ येतेय. यातलं आधी काय करावं?

माझ्या मते तिन्हीपैकी एकही आत्ता नको. मी सोळा वर्षं याच धंद्यात आहे. सुरुवातीला गेटवरची यंत्रं बसवायचो आणि दुरुस्त करायचो, नंतर एका छोट्या कंपनीची ४ ठिकाणांपासून दोनशेच्या वर झालेली वाढ आतून पाहिली. एवढ्या वर्षांत एक गोष्ट पक्की कळली आहे. या धंद्यात वाढ गेटवर होते, ॲप तिच्या मागून येतं.

गाडी चालवणाऱ्याला पार्किंग हा विषयच डोक्यात नको असतो. त्याला कामावर, दवाखान्यात, बाजारात पोहोचायचं असतं. रोज येणारा माणूस रोजच्याच ठिकाणी गाडी लावतो. त्याला ॲप लागलंच तर पास काढायच्या दिवशी. नवखा माणूस नकाशाचं ॲप उघडतो, तुमचं नाही. त्यामुळे तुमच्या वापराचा आकडा बटणांचे रंग बदलून किंवा कूपन वाटून हलणार नाही. ज्याचे पैसे रोज जातात तो माणूस निराळा आहे: पार्किंगचा मालक, किंवा ते चालवायला घेतलेला कंत्राटदार. आपले पैसे नेमके कुठून जातात हे बहुतेक वेळा त्यालाही माहीत नसतं. ते त्याला दाखवता आलं की तुमचा पुढचा दरवाजा उघडतो.

एक प्रसंग सविस्तर सांगतो, कारण आमची पुढची सगळी वाढ तिथून सुरू झाली. एका मोठ्या रुग्णालयाचं ४२० गाड्यांचं पार्किंग आमच्याकडे आलं होतं. आत येताना तिकीट, बाहेर पडताना रोख पैसे. मालकाची तक्रार एवढीच, की पार्किंग सदा भरलेलं दिसतं आणि गल्ला मात्र त्या मानाने कमी येतो. आम्ही ॲप दाखवायला गेलो होतो, त्यात त्याला काडीचा रस नव्हता. मग मी म्हटलं, मला एक आठवडा तुमच्या यंत्रातले आकडे काढू द्या.

आत येण्याच्या गेटवर जमिनीत तारेची दोन वेटोळी पुरलेली असतात, त्यांना आम्ही लूप म्हणतो. गाडीचं धातू वर आलं की तारेचं प्रेरकत्व बदलतं आणि यंत्राला गाडी कळते. पहिला लूप तिकिटाच्या खांबाशी असतो. त्यावर गाडी असेल तरच बटण दाबल्यावर तिकीट निघतं. दुसरा लूप दांड्याच्या खाली असतो. गाडी त्यावरून पुढे सरकली की दांडा खाली येतो. दोन्ही लूप मोजत असतात, पण दोघांचे आकडे शेजारी ठेवून कोणी पाहिले नव्हते. त्या आठवड्यातल्या एका दिवशी निघालेली तिकिटं होती १,२५१ आणि दांड्याखालून आत गेलेल्या गाड्या १,१८४. म्हणजे ६७ तिकिटं गाडीशिवाय निघाली होती.

कशी, ते दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शिफ्ट बदलताना पाहिलं. गेटवरच्या माणसाने सामान वाहायची एक लोखंडी ट्रॉली पहिल्या लूपवर ढकलली, बटण दाबलं, तिकीट खिशात. नऊ तास थांबलेली गाडी बाहेर पडली की तिच्याकडून नऊ तासांचे पैसे रोख घ्यायचे आणि यंत्रात हे नवं, अर्ध्या तासाचं तिकीट घालायचं. फरक खिशात. हिशेबात सगळं बरोबर, कारण बाहेर पडलेल्या प्रत्येक गाडीसमोर एक तिकीट आणि रक्कम आहे. हे सगळं लिहून दिलेला कागद मालकाने दोनदा वाचला, काही बोलला नाही, आणि मग विचारलं की त्याच्या आणखी दोन इमारतींत हेच मोजून मिळेल का. ॲपचा शब्दही निघाला नाही. नंबर प्लेट वाचणारे कॅमेरे दोन्ही बाजूंना बसवून तिकीट प्लेटशी जोडल्यावर पहिल्याच महिन्यात तिथला भरणा जवळजवळ पाचव्या हिश्शाने वाढला.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगतो. असं काही सापडलं की गेटवरच्या माणसांना चोर ठरवून मोकळं होण्याचा मोह होतो. तसं करू नका. ती माणसं कमी पगारावर, धुरात, बारा-बारा तास उभी असतात आणि त्या जागेची खरी माहिती त्यांच्याकडेच असते. त्याच रुग्णालयात संध्याकाळी पाच ते साडेपाच आमचा बाहेरचा कॅमेरा प्लेटा चुकीच्या वाचायचा. आमच्या अभियंत्यांनी सॉफ्टवेअरमध्ये तीन आठवडे शोधलं. शेवटी बाहेरच्या खिडकीवर बसणाऱ्या ताईंनी सांगितलं, “त्या वेळी समोरच्या इमारतीच्या काचेवरून ऊन परततं, मला स्वतःला नंबर दिसत नाही, तुमच्या कॅमेऱ्याला कसा दिसेल?” कॅमेरा तीन फूट डावीकडे घेतला आणि प्रश्न मिटला. पुढे आम्ही मालकांना करारातच सुचवू लागलो की वाढलेल्या भरण्यातला एक भाग गेटवरच्या माणसांच्या पगारात जावा. ज्यांनी ते मानलं, त्यांच्याकडे आमची यंत्रं कमी बिघडायची. तारा तुटणं, कॅमेऱ्यावर चिखल बसणं, दांडा हाताने वर बांधून ठेवणं, हे सगळं गेटवरच्या माणसाच्या मर्जीवर असतं.

खरी गरज गाडीवाल्याची नसते, हे पार्किंगच्या तंत्राचा इतिहासही दाखवतो. जगातलं पहिलं पार्किंग मीटर, म्हणजे गाडी लावण्यासाठी नाणं टाकायचं रस्त्याकडेचं यंत्र, १६ जुलै १९३५ रोजी अमेरिकेतल्या ओक्लाहोमा सिटीत बसलं. त्यामागचे कार्ल मॅगी हे पेशाने वकील आणि वृत्तपत्राचे संपादक. शहरातल्या व्यापाऱ्यांची अडचण अशी होती, की जवळपास काम करणारी माणसं सकाळी दुकानांसमोर गाडी लावून संध्याकाळपर्यंत हलवायची नाहीत आणि गिऱ्हाइकाला जागाच उरायची नाही. तासाला ५ सेंटच्या मीटरने ती गाडी हलली. पैसे गाडीवाल्याने दिले, पण हवं होतं ते दुकानदाराला. तुमच्या ११ ठिकाणी असा दुकानदार कोण आहे, हे प्रत्येक ठिकाणासमोर लिहून काढा. रुग्णालयात तो प्रशासक असेल, मॉलमध्ये दुकानं भाड्याने देणारा व्यवस्थापक, कार्यालयाच्या इमारतीत भाडेकरूंच्या तक्रारी ऐकणारा माणूस.

पैशांच्या गळतीखालोखाल विकली जाणारी गोष्ट म्हणजे वेळ, आणि तीही बाहेर पडण्याची. आत येताना माणूस जागेच्या शोधात असतो, थोडं थांबतो. घरी जाताना त्याला एक मिनिटही सहन होत नाही. घड्याळ घेऊन बाहेरच्या रांगेत उभे राहा. खिडकी खाली, तिकीट द्या, रक्कम ऐका, सुटे शोधा, दांडा वर: एका गाडीला २० सेकंद सहज जातात. म्हणजे एका रांगेतून तासाला १८० गाड्या. नाट्यगृहाच्या किंवा मैदानाच्या पार्किंगमधून ९०० गाड्या एकदम निघाल्या आणि बाहेर पडायला दोनच रांगा असल्या, तर शेवटची गाडी अडीच तासांनी रस्त्याला लागते. पैसे आधीच दिलेले असले आणि प्लेट वाचून दांडा उघडला, तर तीच गोष्ट ८ सेकंदांत होते आणि पार्किंग तासाभरात रिकामं. हा हिशेब मालकासमोर कागदावर मांडा, त्याच्याच गेटवर मोजलेल्या सेकंदांनी. मी डझनभर तरी करार या एका कागदावर होताना पाहिले आहेत.

मात्र कॅमेऱ्याच्या अचूकतेचा आकडा विकताना स्वतःची फसवणूक करून घेऊ नका. विक्रेता ९७ टक्के सांगतो, ऐकायला छान वाटतं. पण हिशेबासाठी तीच प्लेट दोनदा बरोबर वाचली जायला हवी, आत येताना आणि बाहेर जाताना. ९७ टक्क्यांचे ९७ टक्के म्हणजे ९४. रोजच्या हजार गाड्यांत ६० गाड्यांची जोडी लागत नाही, आणि त्यातली प्रत्येक गाडी बाहेरच्या दांड्याशी उभी राहून हॉर्न वाजवते. शून्य आणि ‘ओ’, आठ आणि ‘बी’, एक आणि ‘आय’ यांच्यात गोंधळ होणारच. म्हणून सॉफ्टवेअरने एका अक्षराच्या फरकाची प्लेट सापडली तर वेळ आणि गाडीचा रंग पाहून जोडी सुचवावी, आणि खिडकीवरच्या माणसाला आत येतानाचा फोटो दिसावा, म्हणजे त्याला दोन सेकंदांत ठरवता येतं. कॅमेरा प्लेटेला फार तिरका नको, प्लेटेवरचं परावर्तक आवरण रात्री नीट उजळावं म्हणून इन्फ्रारेड दिवा हवा, आणि तळघरात मोबाइलचं नेटवर्क नसतं हे गृहीत धरून गेटवरचा कंट्रोलर, म्हणजे दांडा चालवणारा छोटा संगणक, इंटरनेटशिवाय किमान एक दिवस चालला पाहिजे. यावर खर्च करा. गाडीवाल्याच्या लक्षात राहतो तो बंद पडलेला दांडा. चांगलं ॲप कोणी आठवत नाही.

आता तीन शहरांचा आग्रह. गुंतवणूकदाराला नकाशावर ठिपके वाढलेले हवे असतात, ते मी समजू शकतो. पण पार्किंगमध्ये ठिपक्यांच्या संख्येपेक्षा त्यांच्यातलं अंतर महत्त्वाचं. संध्याकाळी सहाला दांडा अडकला की तुमच्याकडे फार तर वीस मिनिटं असतात. त्यानंतर मालकाचा माणूस दांडा उपटून बाजूला ठेवतो आणि त्या दिवसाचा हिशेब संपतो. एका शहरात ४० ठिकाणं असली तर दोन तंत्रज्ञ आणि सुट्या भागांची एक खोली पुरते. चार शहरांत दहा-दहा ठिकाणं असली की तीच व्यवस्था चौपट, आणि तरी प्रत्येक शहरात तुम्ही उशिराच पोहोचणार. आम्ही ही चूक केली आहे. दुसऱ्या शहरात घाईने नऊ ठिकाणं घेतली, तंत्रज्ञ रातोरात गाडीने पाठवायचो, आणि वर्षाच्या आत त्यातली सहा सोडावी लागली. पहिल्या शहरातल्या चांगल्या ग्राहकांकडेही त्या वर्षी आमचं दुर्लक्ष झालं. ते नुकसान सोडलेल्या सहा ठिकाणांपेक्षा मोठं होतं.

ठिकाणं एकमेकांजवळ असली की आणखी एक गोष्ट घडते, आणि तिथे तुमच्या ॲपला पहिल्यांदा काम मिळतं. चालत पाच-सात मिनिटांच्या टापूत तुमची चार पार्किंग असली, तर एक भरलं की गाडी दुसरीकडे पाठवता येते. कार्यालयाची इमारत रात्री रिकामी असते तेव्हा शेजारच्या वस्तीतल्या गाड्या तिथे लागू शकतात. एकच पास चारही ठिकाणी चालतो. आता गाडीवाल्याला ॲप उघडण्याचं कारण आहे, कारण ‘कुठे जागा आहे’ या प्रश्नाचं उत्तर रोज बदलतं आणि ते फक्त तुमच्याकडे आहे. एकट्या पडलेल्या ११ ठिकाणांवर हे घडत नाही. म्हणून माझा सल्ला असा: शहराचा एक टापू निवडा, त्यातली दहा-बारा पार्किंग एकामागून एक मिळवा, आणि त्या टापूच्या बाहेरचं ठिकाण कितीही गोडीने देऊ केलं तरी सहा महिने घेऊ नका.

सेन्सरबद्दल तुमच्या सहसंस्थापकाला सॅन फ्रान्सिस्कोची गोष्ट सांगा. तिथे २०११ साली एसएफपार्क नावाचा प्रयोग सुरू झाला. सुमारे ७ हजार मीटरच्या जागा, रस्त्यात बसवलेले सेन्सर, आणि रस्ता किती भरतो त्याप्रमाणे दर थोडा वर किंवा थोडा खाली. साठ ते ऐंशी टक्के जागा भरलेल्या राहाव्यात, म्हणजे येणाऱ्याला एखादी रिकामी मिळते, असं धोरण होतं. प्रयोग चांगला झाला. सरासरी दर किंचित उतरले, जागा शोधण्याचा वेळ कमी झाला. पण २०१३ च्या अखेरीस सेन्सर बंद केले गेले. जमिनीतल्या सेन्सरची बॅटरी संपते. शहराने तोवर सेन्सर आणि मीटरवरच्या भरण्याचे आकडे एकमेकांशी ताडून पाहिले होते, त्यामुळे पुढे फक्त भरण्यावरून रस्ता किती भरला याचा अंदाज बांधता येऊ लागला, आणि २०१८ पासून दर ठरवण्याची हीच पद्धत शहरभर लागू झाली. तुमच्याकडे गेटचे आकडे आहेत, पैशांचे आकडे आहेत. आच्छादलेल्या पार्किंगमध्ये प्रत्येक जागेवर लाल-हिरवा दिवा हवा असेल तर अल्ट्रासोनिक, म्हणजे ध्वनिलहरींनी गाडी ओळखणारे, सेन्सर जरूर बसवा, तिथे त्याचा फायदा गाडीवाल्याला डोळ्यांनी दिसतो. पण रस्त्यावर, स्वतःच्या पैशाने, आत्ता नको.

जाता जाता, तुमच्या सादरीकरणात ‘शहरातली ३० टक्के वाहतूक पार्किंग शोधणाऱ्यांची असते’ ही स्लाइड असेल तर काढून टाका. हा आकडा पार्किंगचे अमेरिकन अभ्यासक डोनल्ड शूप यांच्या लेखनातून पसरला. १९२७ ते २००१ या काळातल्या १६ अभ्यासांची ती सरासरी आहे, आणि बहुतेक अभ्यास मुळातच जिथे गर्दी होती अशा ठिकाणी झाले होते. स्वतः शूप यांनीच हे स्पष्ट केलं होतं. शूप यांनी आयुष्यभर पार्किंगच्या दराचा विचार जितक्या नेटाने केला तितका क्वचितच कोणी केला असेल. त्यांचा हा एक आकडा संदर्भ सोडून वापरणं त्यांच्यावर अन्याय आहे, आणि जाणकार ग्राहकासमोर तुमचीही पत जाते. त्याऐवजी त्याच्याच गेटवर मोजलेले दोन आकडे दाखवा.

झटपट वाढीची दोन उदाहरणं पाहण्यासारखी आहेत. २०१४ साली मंकीपार्किंग नावाच्या ॲपवर सॅन फ्रान्सिस्कोत लोक रस्त्यावरची जागा सोडायची वेळ लिलावाने विकू लागले. जागा शहराची, विकणारा तिसराच. शहराच्या वकिलांनी जूनमध्ये नोटीस काढली आणि ते थांबलं. बोस्टनमध्ये हेस्टॅक नावाच्या तशाच ॲपला त्याच वर्षी शहराने बंदी केली. जी जागा तुमच्या किंवा तुमच्या ग्राहकाच्या ताब्यात नाही तिच्यावर धंदा उभा राहत नाही. दुसरं उदाहरण मागणीनुसार व्हॅलेटचं. बटण दाबा, माणूस येऊन गाडी घेऊन जाईल. लोकांना ती सेवा फार आवडली. पण सगळ्यांना माणूस सकाळी नऊला आणि संध्याकाळी सहाला लागतो, मधल्या वेळेत तो बसून असतो आणि पगार पूर्ण द्यावा लागतो. लक्स ही त्यातली नावाजलेली कंपनी २०१७ मध्ये सेवा बंद करून व्होल्वोकडे गेली. ग्राहक जितके वाढले तितका तोटा वाढत गेला. तुमच्या प्रत्येक नव्या ठिकाणाला हाच प्रश्न विचारा: हे वाढलं तर एका गाडीमागचा माझा खर्च उतरतो की चढतो?

पैशांच्या रचनेवर थोडं थांबतो, कारण चांगलं उत्पादन असलेल्या कंपन्याही इथे बुडताना मी पाहिल्या आहेत. तीन पद्धती असतात: प्रत्येक तिकिटामागे कमिशन, ठरलेलं मासिक शुल्क, किंवा वाढलेल्या उत्पन्नात वाटा. वाटा सगळ्यात आकर्षक दिसतो, पण वाद तिथेच होतो, कारण ‘आधीचं उत्पन्न’ किती होतं यावर दोघांचं एकमत नसतं. ज्याच्याकडे गळती आहे त्याच्याकडे खरा जुना आकडाच नसतो. म्हणून यंत्रं बसवल्यावर पहिले चार आठवडे फक्त मोजणी करा, काहीही बदलू नका, आणि तो आकडा दोघांच्या सहीने करारात घाला. निव्वळ कमिशनवर जगणाऱ्या कंपन्यांचं २०२० मध्ये काय झालं ते आठवा. शहरं बंद झाली, गाड्या थांबल्या, उत्पन्न एका आठवड्यात शून्याच्या जवळ आलं. ज्यांचं मासिक शुल्क होतं, मग ते लहान का असेना, त्यांचे पगार निघाले. मी म्हणेन, दुरुस्ती आणि सर्व्हरचा खर्च निघेल एवढं ठरलेलं शुल्क, आणि वर वाढीतला वाटा.

यंत्रांचा खर्च तुम्ही उचलत असाल तर तो किती महिन्यांत वसूल होतो हे ठिकाणागणिक लिहा. अठरा महिन्यांच्या वर जात असेल तर मालकाने निम्मा खर्च द्यावा, नाहीतर ते ठिकाण सोडा. करार तीन वर्षांचा करा, आणि मालकाने मध्येच मोडला तर यंत्रांची उरलेली किंमत त्याने द्यायची हे कलम कधीही काढू देऊ नका. आम्ही एकदा एका ओळखीच्या माणसाखातर ते काढलं. सात महिन्यांनी इमारत विकली गेली, नव्या मालकाने आमचे खांब कापून अंगणात ठेवले.

एक ठिकाण चांगलं चाललं की दुसरं कुठून येतं? जाहिरातीतून फार कमी. इमारतींची देखभाल करणाऱ्या व्यवस्थापकांची आपापसात ओळख असते, ते नोकऱ्या बदलतात, आणि जुन्या इमारतीत जे चाललं ते नव्या इमारतीत मागवतात. आमच्या दोनशेतली निम्म्याहून जास्त ठिकाणं अशीच आली. त्यांना दर सोमवारी एका पानाचा अहवाल पाठवा: किती गाड्या, किती भरणा, किती वेळा दांडा हाताने उघडला आणि कोणत्या शिफ्टला. तो कागद त्यांना वरिष्ठांसमोर ठेवता आला पाहिजे.

आणि तयारी ठेवा की पुढे कधीतरी तुम्हाला पार्किंग स्वतः चालवावं लागेल. अमेरिकेत मेट्रोपोलिस या कॅमेऱ्यावर आधारलेल्या पार्किंगच्या कंपनीने २०२४ मध्ये एसपी प्लस ही कितीतरी पटींनी मोठी पार्किंग चालवणारी जुनी कंपनी सुमारे दीड अब्ज डॉलरना विकत घेतली. सॉफ्टवेअर विकत बसण्यापेक्षा गेटच आपल्या हातात घ्यावं असा त्यामागचा विचार. तुमच्यासारख्या छोट्या कंपनीला हे लगेच जमणार नाही, जमवायचीही घाई नको. पण एक-दोन पार्किंग स्वतः कंत्राटाने घेऊन वर्षभर चालवा. रात्रपाळीला माणूस आला नाही, पाणी साचलं, कोणाच्या गाडीला ओरखडा आला, विमा कोण देणार, हे सगळं अंगावर आल्याशिवाय मालकाच्या गरजेचं सॉफ्टवेअर लिहिता येत नाही.

माहितीच्या सुरक्षेकडे लहान कंपन्या पुढच्या वर्षीचं काम म्हणून पाहतात. नंबर प्लेट आणि वेळ एकत्र आली की माणूस कुठे आणि कधी होता हे कळतं. रुग्णालयाच्या पार्किंगमध्ये तर त्याच्या आजारपणाचाही अंदाज येतो. २०२१ मध्ये पार्कमोबाइल या अमेरिकेतल्या ॲपच्या सुमारे २ कोटी १० लाख ग्राहकांची माहिती बाहेर गेली, त्यात गाड्यांचे नंबर, ईमेल आणि फोन होते. ज्या प्लेटेचे पैसे मिळाले आणि वादाची मुदत संपली, ती पुसून टाका. पेमेंटसाठी क्यूआर कोड चिकटवत असाल तर गेटवरच्या माणसाला रोज सकाळी तो नखाने खरवडून पाहायला सांगा. २०२२ च्या सुरुवातीला टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात पार्किंगच्या यंत्रांवर भामट्यांनी खोटे क्यूआर कोड चिकटवलेले सापडले होते.

राहिली निविदा. शहराचं काम मोठं असतं, नाव होतं, आणि गुंतवणूकदाराला ते फार आवडतं. पण तीन गोष्टी वाचल्याशिवाय भरू नका. पहिली, बिल मंजूर व्हायला किती दिवस लागतात आणि तोवरचे पगार तुम्ही कुठून देणार. दुसरी, पैसे न भरणाऱ्यावर कारवाई कोण करणार. तो अधिकार शहराकडे असतो. शहराने माणसं दिली नाहीत तर तुमची यंत्रं रस्त्यावर नुसती उभी राहतात आणि उत्पन्नाची हमी मात्र तुम्ही दिलेली असते. तिसरी, दर कोण ठरवणार आणि वाढले तर राग कोणावर निघणार. शिकागोने २००८ साली आपले सुमारे ३६ हजार मीटर ७५ वर्षांसाठी १.१५ अब्ज डॉलरला एका खासगी कंपनीला दिले. दर एकदम वाढले, नव्या व्यवस्थेत मीटर बंद पडू लागले, आणि लोकांनी राग यंत्रांवर काढला. एवढं झेलायला लागणारे तंत्रज्ञ आणि गंगाजळी तुमच्याकडे आज नाही. या वेळची निविदा एखाद्या मोठ्या ठेकेदाराला भरू द्या आणि त्याचा उपकंत्राटदार म्हणून एका प्रभागाची यंत्रं तेवढी सांभाळायला मागा. उत्पन्नाची हमी त्याची, काम तुमचं.

या शुक्रवारी संध्याकाळी साडेपाचला तुमच्या सर्वात गर्दीच्या ठिकाणी जा. लॅपटॉप नको, एक वही आणि घड्याळ घ्या. बाहेरच्या रांगेत शंभर गाड्या मोजा: प्रत्येकीला किती सेकंद, किती वेळा दांडा हाताने उघडला, किती जणांनी रोख दिले, किती प्लेटा चुकल्या. मग आत येण्याच्या गेटवरचे दोन्ही लूपचे आकडे काढून शेजारी लिहा. सगळ्या ११ ठिकाणी हे करायला दोन आठवडे लागतील. ते आकडे पाठवलेत तर त्यातली कोणती ठिकाणं ठेवायची आणि टापू कुठून धरायचा, हे मी ठिकाणागणिक सांगू शकेन.